तीन वितींत चार बोटं

१

टपालवाले आजोबा सोमवारी रात्री झोपेतच गेले. आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला त्यांचं काळीज पुन्हा चाललं. कागदावर, दुसऱ्याच एका बाईच्या नावाखाली.

त्या बाई पोहायला शिकवायच्या. अंगानं काटक, तब्येत ठणठणीत. पाठीत चमक भरली म्हणून इस्पितळात आल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत छातीला तारा चिकटवून पाच मिनिटं निजल्या, कागदाची लांब पट्टी निघाली, हृदयाच्या डॉक्टरांनी तिच्या पहिल्या दोनतीन घड्या उलगडल्या आणि ओरडून इंजेक्शन मागवलं. पट्टीवर काळीज मधूनमधून ठेचकाळत होतं. औषध धावत्या काळजाला आवरणारं होतं, आणि पोहणाऱ्या बाईंचं काळीज मुळातच संथ. दुपारपर्यंत त्यांची शुद्ध गेली.

त्या वाचल्या. पण संध्याकाळी डॉक्टरांनी त्याच घड्या निवांत पाहिल्या. दोन ठोके सरळ, तिसरा पांगळा. ही चाल ते आठ वर्षं ओळखत होते. ती टपालवाल्या आजोबांची होती.

पट्टी काढणारी तंत्रज्ञ सोळा वर्षं त्या खोलीत होती. बुधवारी तिच्या हातात पत्र पडलं: शुक्रवारी अकरा वाजता चौकशी, तोवर कामावर येऊ नये. तिनं चपला, डबा आणि खिडकीतलं मनीप्लँट पिशवीत घातलं आणि भर दुपारी घरी आली. दार उघडायला समोर नणंद उभी.

नणंदेला सगळे केरसुणी म्हणत. घरातलं नाव नव्हे, ऑफिसातलं. पट्टी काढणारी पेटी आणि तिला जोडलेल्या संगणकातला प्रोग्रॅम तिचीच कंपनी करायची, आणि दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या ढिगातून फालतू ओळी झाडून काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एके वर्षी तिनं पेटी इतकी चपळ केली की साहेबांनी सगळ्यांसमोर तिला खरीखुरी केरसुणी भेट दिली, दांड्याला लाल फीत बांधून. ती अजून तिच्या टेबलामागे टांगलेली होती.

"वन्सं, बसा," वहिनी म्हणाली. घरात भांडण असलं की ती असं बहुवचन काढायची. आज भांडण जगाशी होतं. "तुमच्या पेटीनं माझं नाव मातीत घातलं की मी पेटीचं, एवढंच आता ठरायचंय."

केरसुणी खुर्चीत बसली. तिचा उजवा पाय थरथरू लागला. लहानपणापासूनची सवय; मन धावायला लागलं की पाय बसल्या जागी धावायचा.

"पाय हलवू नकोस गं," वहिनी सवयीनं म्हणाली. रोज चाळीस माणसांना ती हेच सांगायची. हलू नका. हललं की रेघ बिघडते.

सोळा वर्षांची नोकरी. ती गेली तर जाताना नावाला डाग लावून जाणार, आणि डाग लागलेल्या हाताला कुठलं इस्पितळ परत माणसाच्या छातीला तार लावू देणार? केरसुणीनं इस्पितळाच्या अधीक्षकबाईंना फोन केला. स्वतः शोध घ्यायची परवानगी मिळाली, पण मिळताना एक वाक्य सोबत आलं: "आरोपीची नणंद आणि पेटीच्या कंपनीचं माणूस. तुम्ही जे शोधाल त्यावर विश्वास कोण ठेवणार, तेही शोधून ठेवा."

२

डॉक्टरांनी तिला उभंच ठेवलं. स्वतःही बसले नाहीत. खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. रात्रभर झोपले नसावेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. यंत्र बिघडलं तर रेघ वेडीवाकडी येते, नाहीतर येतच नाही. बिघडलेलं यंत्र एका ओळखीच्या माणसाचे ठोके घेऊन दुसऱ्याच्या पट्टीत नीट बसवत नाही. त्याला हात लागतो. सोमवारची शेवटची पट्टी आजोबांची, मंगळवारची पहिली पोहणाऱ्या बाईंची, आणि दोन्हींमध्ये त्या खोलीची किल्ली एकाच बाईकडे.

"पण वहिनी असं का करतील?" केरसुणीनं विचारलं.

मुद्दाम केलं असं डॉक्टर म्हणत नव्हते. गडबडीत जुनी फाईल उघडी राहिली असेल, नवी तिच्यावर चढली असेल, मग निस्तरताना तुकडे जोडले असतील. चूक झाकायला माणूस काय करत नाही.

चौकशीसाठी फाडून ठेवलेली घडी त्यांनी टेबलावर आपटली. केरसुणी वाकली. बाईंची रेघ शांत चालली होती, तळ्याच्या पाण्यावरच्या सावकाश लाटेसारखी. आणि अचानक, अर्ध्या लाटेतच, ती तुटून आजोबांची रेघ सुरू झाली होती. ना थांबणं, ना वळण. विळीवर चिरावी तशी चीर. चारेक बोटांच्या रुंदीनंतर तशीच दुसरी चीर आणि पुन्हा बाईंचं पाणी.

जोडणारा माणूस निदान ठोका संपायची वाट पाहतो, असं तिच्या मनात आलं. कापड बेतणारीसुद्धा फूल मधोमध कापत नाही. ज्यानं हे कापलं त्याला काळीज म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

तिनं आजोबांची आठवण काढली, तसे डॉक्टर थांबले. आजोबा टपाल वाटत होते तेव्हा आख्ख्या गल्लीला ठाऊक होते, ते म्हणाले. काळीज अधू, म्हणून चौथ्या मजल्याच्या वर चढायचे नाहीत. वरच्यांची पत्रं खाली जिन्याजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि हाक मारायचे. वरच्यांनी उतरायचं, टपाल न्यायचं.

"सोमवारी मी त्यांना म्हटलं, आज मधेमधे ठोके छान पडताहेत," डॉक्टर खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "घरी जा म्हटलं." मग वळले, आणि आवाज पुन्हा कोरडा झाला. "तुमच्या वहिनींना सांगा, शुक्रवारी कबूल केलं तर बरं होईल. तळघरातल्या त्या पोराला मात्र आधी विचारा, रविवारी खोलीत काय करत होता."

रविवारी ती खोली बंद असायची.

३

तळघरात जुन्या संगणकांच्या सांगाड्यांमध्ये जो माणूस बसायचा त्याला पोर म्हणायचं वय कधीच उलटून गेलं होतं. कानावर पेन्सिलीसारखा पेचकस अडकवलेला, म्हणून नाव पेचकस. केरसुणीनं तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला की त्यानं काही केलेलं नाही.

"रविवारी काय केलं नाहीत?" तिनं विचारलं.

त्यानं एक स्क्रू बोटांत फिरवला. मग सांगितलं. पट्टीच्या खोलीतला संगणक रडतखडत चालायचा, वहिनी चार महिने तक्रार करत होत्या, वर अर्ज धूळ खात पडले होते. रद्दीत निघालेल्या एका मोठ्या यंत्रातून त्यानं मेमरी काढली आणि रविवारी गुपचूप तिथं बसवली. दोन जीबीची सोळा जीबी झाली. कागद नाही, सही नाही. चांगलं करायला गेलो ताई, तो म्हणाला, आता मलाच घालवतील.

केरसुणीच्या पायानं वेग घेतला. सापडलं, तिला वाटलं. रद्दीतली मेमरी, सडकी असणार. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या ठिकाणी सांडत असणार. खोलीतला तो संगणक कधी बंद केला जायचा नाही, रात्रीसुद्धा नाही, म्हणजे आदल्या दिवसाचं सांडलेलं सकाळपर्यंत तसंच राहणार. तिनं मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला आणि दुपारभर संगणकाच्या घुमणाऱ्या पंख्याशेजारी बसली. मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहायचं, परत वाचायचं, जुळतंय का पाहायचं. पेचकस दोनदा चहा घेऊन आला आणि दोन्ही वेळा स्वतःच प्यायला.

साडेपाचला निकाल आला. सगळी घरं जुळली. मेमरी धुतल्या तांदळासारखी.

धरलेला चोर तर सुटला, आता फाशी संन्याशालाच, असं तिला झालं. पेचकसाच्या खांद्यावरचं ओझं मात्र उतरलं, आणि हलक्या झालेल्या माणसाची जीभ सुटते तशी त्याची सुटली. त्यानं संगणकाची नोंदवही पडद्यावर काढली: कोण, कधी, कुठली फाईल.

"हे मी कुणाला दाखवलं नाही, ताई. पण तुम्ही घरच्या आहात."

मंगळवार, आठ वाजून चाळीस मिनिटं. आजोबांची फाईल उघडली होती. वहिनीच्या पासवर्डनं. पोहणाऱ्या बाई यायच्या पाऊण तास आधी.

आणि वहिनी शपथेवर सांगत होती की मंगळवारी सकाळी तिनं जुन्या कुठल्याच फाईलला हात लावला नाही.

४

गुरुवारी सकाळी केरसुणी घरी आली तेव्हा वहिनी गॅलरीत कपडे पिळत होती. जाड चादर एकटीनं पिळताना तिचे दंड ताठले होते. केरसुणीनं दुसरं टोक धरलं. दोघी उलट्या दिशांना पीळ देत राहिल्या. पाणी गळायचं थांबल्यावर केरसुणीनं आठ चाळीस एवढेच शब्द उच्चारले.

वहिनीनं चादर सोडली नाही. खाली मान घालून म्हणाली, "नुसतं पाहिलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजोबा गेल्याचं तिला मंगळवारी सकाळी फाटकावरच कळलं. आठ वर्षं दर महिन्याला तो म्हातारा तिच्या खोलीत निजायचा, आणि दर वेळी शेवटी शेवटी, ती बटण दाबायच्या बेतात असताना, पडल्यापडल्या कपाळाला हात लावून सलाम करायचा. हलू नका म्हटलं तरी. त्या हलण्याचे काटे पट्टीच्या टोकाला उमटायचे. दर महिन्याला तिनं त्याला दटावलं होतं, आणि दर महिन्याला पट्टीवर तो सलाम होता. मंगळवारी तिला तो एकदा बघायचा होता.

"मग कबूल का नाही केलंत?"

"काय सांगू त्या कमिटीला? मेलेल्या माणसाचा सलाम शोधत होते?" तिनं चादर दोरीवर फेकली. "आणि ऐक. तो तिथं नव्हताच. सोमवारी त्यांनी केलेला मी डोळ्यांनी पाहिला. पण फाईलमध्ये काटे नाहीत."

केरसुणीच्या काखेत कागदाची गुंडाळी होती. अधीक्षकबाईंकडून दोन्ही फाईलींच्या प्रती मिळाल्या होत्या. पोहणाऱ्या बाईंची आख्खी पट्टी तिनं ऑफिसात छापून आणली होती, साडेसात मीटर. डॉक्टरांनी दोनतीन घड्या पाहिल्या होत्या, कमिटीनं एक. आख्खी पट्टी अजून कुणीच पाहिली नव्हती. गॅलरीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत त्यांनी ती जमिनीवर पसरली, उडू नये म्हणून वाट्या ठेवल्या, आणि दोघी रांगायला लागल्या.

वहिनी पट्टीवर वितीनं मोजायची. सोळा वर्षांत तिनं फूटपट्टी हातात धरली नव्हती. परकी रेघ सापडली तिथून तिनं वीत टाकली. एक, दोन, तीन, आणि पुन्हा परकी रेघ. एक, दोन, तीन. पुन्हा. मोजतामोजता ती नकळत गुणगुणू लागली, तिच्या आईचं काहीतरी:

*पाण्या गेली बाई, घागर मोठी,*
*तळं गं तळं, लांब गं तळं.*
*वाटेत भेटली सखू ती धाकटी,*
*तळं गं तळं, लांब गं तळं.*

ओट्यापर्यंत पोचल्या तेव्हा बारा झाल्या होत्या. दर तीन वितींत चार बोटं परकी. बारा वेळा. आणि बाराही वेळा तेच ठोके, केसाचाही फरक नाही.

"जिवंत काळीज दोनदा सारखं चालत नाही," वहिनी कुजबुजली. "माझ्या हाताखालून लाखभर गेलीत."

केरसुणी गुडघ्यांवर बसून राहिली. कडवं बदलतं, पालुपद बदलत नाही. काळीज नव्हतं हे, पालुपद होतं.

तेवढ्यात वहिनीनं तिचा दंड घट्ट धरला. परक्या चार बोटांच्या शेवटी, चिरेच्या अगदी अलीकडे, रेघेवर बारीक काटे उभे होते.

"हा बघ," ती म्हणाली. "सलाम."

केरसुणीनं लॅपटॉप ओढला. ते तीन सेकंदांचे ठोके आजोबांच्या फाईलमध्ये कुठे आहेत, हे शोधायला लावलं. वहिनीनं चोरले असतील तर तिथूनच चोरले असणार. यंत्रानं पाच मिनिटांची फाईल या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळली.

कुठेच नव्हते. जे ठोके कधी लिहिलेच गेले नव्हते ते कापून दुसरीकडे चिकटवणार कोण?

५

वहिनी निर्दोष होती. ते आता केरसुणीला दिसत होतं, पण दिसणं म्हणजे दाखवणं नव्हे. ती ऑफिसात गेली ती जिन्यावरून दोनदोन पायऱ्या घेत.

तीन विती म्हणजे चोवीस सेकंद. चार बोटं म्हणजे तीन. हे आकडे तिला पाठ होते. पेटी जेव्हा पट्टी काढायला लागते तेव्हा संगणकाच्या गाभ्यातला कारभारी, ज्याला कर्नेल म्हणतात, मेमरीत आठ खोल्या रिकाम्या करून देतो. प्रत्येक खोलीत तीन सेकंदांचे ठोके मावतात. पेटी त्या कुणाला न विचारता, थेट, पाळीपाळीनं भरत जाते, आठवी भरली की पुन्हा पहिली. आणि प्रोग्रॅम मागोमाग वाचत जातो. त्यासाठी आधी कारभाऱ्यानं पेटीला नकाशा द्यायचा असतो, कुठली खोली कुठे ते सांगणारा. आठापैकी एकाच खोलीत भूत राहत होतं.

आणि पेटी जुनी होती. तिला मेमरीतले फक्त चार जीबीपर्यंतचे पत्ते कळत. संगणकात मेमरी दोन असताना प्रश्नच नव्हता. सोळा झाल्यावर एखादी खोली चाराच्या वर मिळू शकत होती, जिथे पेटीचा हात पोचतच नाही.

त्याचीही सोय कारभाऱ्याकडे असते. वरच्या खोलीच्या नावाचा एक डबा तो खाली ठेवतो आणि नकाशात पेटीला त्याच डब्याचा पत्ता देतो. पेटी डब्यात टाकते. मग प्रोग्रॅमनं वाचायच्या आधी हाक मारायची असते: खालचं वर आणा. एक ओळ. हाक मारली नाही, तर वरच्या खोलीत जे जुनं पडलेलं असेल तेच वाचलं जातं, पुन्हा पुन्हा. काम संपवून घर आवरताना मात्र कारभारी डब्यातलं शेवटचं टपाल आपणहून वर नेऊन टाकतो. तेव्हा वाचायला कुणी उरलेलं नसतं. ते वाचलं जातं पुढच्या पेशंटच्या पट्टीत.

तिनं प्रोग्रॅम उघडला. जिथं हाक असायला हवी होती तिथं काही नव्हतं.

तिला हायसं वाटलं. मग तिनं त्या जागेचा इतिहास काढला, कारण ओळ पूर्वी होती. तिच्या मागचीपुढची भाषा सांगत होती की इथं काहीतरी होतं. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी ती काढली होती. सोबत टीप होती, ठसठशीत, तरुण, आत्मविश्वासानं भरलेली:

*ही ओळ काहीच करत नाही. मोजून पाहिलं. झाडली.*

खाली नाव तिचं होतं.

काखेत कळसा आणि दोन दिवस गावाला वळसा. तिला आठवलं, तिनं खरंच मोजलं होतं. ऑफिसातल्या यंत्रात मेमरी दोन होती. तिथं खोल्या सगळ्या खालीच, डबा नाही, वर न्यायचं काही नाही, आणि ती ओळ हाक मारून रिकाम्या हातांनी परत यायची. हजार वेळा मोजलं, हजार वेळा रिकामी. म्हणून झाडली. टेबलामागे लाल फितीची केरसुणी लटकत होती.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की एवढं लांब कशाला जायचं? परवानगीशिवाय रद्दीतली मेमरी बसवली गेली आणि बिघाड झाला. यात खोटं काय आहे?

"काहीच नाही," ती म्हणाली.

"मग झालं. तुझी वहिनी सुटते, कंपनी सुटते, तूही सुटतेस."

खरंच, त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आणि पेचकसाचं नाव त्यात कुणी घेतलंही नव्हतं.

६

शुक्रवारी अकरा वाजता लांब टेबलाच्या एका बाजूला अधीक्षकबाई आणि डॉक्टर, दुसऱ्या बाजूला वहिनी. दाराशी पेचकस, कानावर पेचकस नसलेला, त्यामुळे अर्धवट दिसणारा. केरसुणीच्या पिशवीतला फोन सकाळपासून थरथरत होता. उजाडताच तिनं कंपनीची पेटी वापरणाऱ्या प्रत्येक इस्पितळाला स्वतःच्या नावानं पत्र धाडलं होतं: मेमरी चार जीबीहून जास्त असेल तिथं पट्टी काढू नका. साहेबांचे तेव्हापासून अकरा फोन आले होते.

तिनं बाईंची पट्टी पसरली. तीन वितींत चार बोटं, हे वहिनीनं सगळ्यांसमोर मोजून दाखवलं. काटे दाखवले. ते ठोके आजोबांच्या फाईलमध्ये नाहीत हे पडद्यावर दाखवलं.

"म्हणजे आले कुठून?" अधीक्षकबाईंनी विचारलं.

मेमरीचं घर समजावताना तिला शब्द शोधावे लागले नाहीत. त्या खोलीत एकच टपालवाला सगळ्यांच्या ओळखीचा होता. ही पेटीही तशीच, ती म्हणाली, चौथ्या मजल्याच्या वर चढत नाही. घर पूर्वी दोन मजली होतं, रविवारी सोळा मजली झालं. वरच्यांची पत्रं ती खाली डब्यात टाकते. हाक मारणारं कुणी नव्हतं. म्हणून वरच्या खोलीतला माणूस जुनंच पत्र पुन्हापुन्हा उघडून वाचत बसला.

"ऐकायला छान आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ही गोष्ट तुम्ही काल रचली नाही कशावरून?"

ती याचीच वाट पाहत होती. पाय थरथरत होता, आवाज मात्र नाही. आजोबांची सोमवारची छापील पट्टी डॉक्टरांच्या कपाटात कुलपात आहे, ती म्हणाली. तिनं ती पाहिलेली नाही, फाईलही फक्त यंत्रानं चाळली, वहिनीनंही मंगळवारी पडद्यावर फक्त टोक पाहिलं. पण मेमरी रविवारीच बदलली. म्हणजे आजोबांच्या पट्टीतही दर तीन वितींत चार बोटं परकी असणार, बाराएक वेळा, सगळी एकसारखी. त्यांच्या आधी जे कुणी निजलं असेल त्यांची. आणि ज्या चार बोटांत आजोबांचा सलाम असायला हवा होता, तिथंही तीच.

डॉक्टरांनी स्वतः कुलूप काढलं, स्वतः पट्टी पसरली. वहिनीनं वीत टाकली. पहिल्या तीन विती. तिथं पांगळ्या चालीच्या मधोमध, विळीनं चिरल्यासारखी चीर, आणि चार बोटं नितळ, भराभर, एकसारखे ठोके.

"शिंपीणबाई," वहिनी म्हणाली. "आजोबांच्या आधी त्याच होत्या. तरणं काळीज."

तीन विती. पुन्हा तेच. डॉक्टर तिसऱ्यानंतर मोजायचे थांबले. खोलीत कुणाला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं, आणि केरसुणीला त्यांच्या चेहऱ्यावरून. खिडकीकडे तोंड करून बोललेलं ते वाक्य तिला आठवलं. मधेमधे छान पडणारे ते ठोके आजोबांचे नव्हतेच.

"मी त्यांना घरी पाठवलं," डॉक्टर म्हणाले. "हे मधे नसते तर ठेवून घेतलं असतं. बहुतेक. ठेवून घेतल्यानं ते राहिले असते का, ते मला सांगता येत नाही. कधीच सांगता येणार नाही."

केरसुणीनं काल रात्री एवढंच गृहीत धरलं होतं की एक बाई बेशुद्ध झाली आणि वाचली. तेवढं सोसायची तयारी करून ती आली होती.

"मेमरी कुणी बदलली?" अधीक्षकबाईंनी विचारलं. दाराशी पेचकसानं एक पाऊल पुढं टाकलं.

"ज्यानं बदलली त्यानं काही बिघडवलं नाही," केरसुणी म्हणाली. "मोठ्या घरात राहणं गुन्हा नाही. हाक मारायची ओळ होती. ती काढून टाकली होती."

"कुणी?"

पिशवीतला फोन पुन्हा थरथरला. बाराव्यांदा.

"मी. नऊ वर्षांपूर्वी. काही करत नाही म्हणून."

तिनं लेखी आणलं होतं. तारीख, ओळ, टीप, नाव. कागद टेबलावरून सरकवला तसा तो अधीक्षकबाईंनी वाचला, डॉक्टरांनी वाचला, आणि परत कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. वहिनीवरचं पत्र मागं घेतल्याचं अधीक्षकबाईंनी तिथंच लिहून दिलं. कंपनीला आणि केरसुणीला काय ते रीतसर कळेल, असंही म्हणाल्या. पोहणाऱ्या बाईंना आज संध्याकाळी सगळं खरं सांगायचं ठरलं, आणि सांगायला केरसुणीनं स्वतः जायचं. आजोबांच्या घरी डॉक्टर जाणार होते.

सगळे गेले तरी वहिनी पट्ट्यांपाशीच उभी होती. तिनं ड्रॉवरमधून कात्री आणि डिंकाची बाटली काढली. बाईंच्या छापील प्रतीतली शेवटची चार बोटं कापली, काट्यांसकट. मग आजोबांच्या पट्टीची एक नवी प्रत काढून टेबलावर ठेवली, वितीनं शेवटची जागा शोधली आणि तिथली शिंपीणबाईंची चार बोटं कापून टाकली. खऱ्या कागदांना तिनं हात लावला नाही. ते फाईलमध्ये जायचे होते, जसे होते तसे. हा तिचा होता.

दोन चिरांच्या मधे तिनं तो तुकडा ठेवला. रेघेला रेघ मिळाली. अर्धा ठोका अर्ध्या ठोक्याला, जसा त्या दिवशी छातीत होता तसा.

पण डिंक लावताना तुकडा घसरला.

"धर इथं," ती म्हणाली.

केरसुणीनं दोन्ही बाजूंनी बोटं ठेवली. वहिनी रागावली आहे की नाही, ते तिला कळेना. विचारायचा धीर होईना.

"घट्ट. हलू नकोस."

डिंक वाळेपर्यंत केरसुणी हलली नाही.